महामारीत शाळा उघडण्याचा प्रश्न गावाने कसा हाताळावा : गोव्यातील पालक-शिक्षक संघांसाठी एक कार्यपद्धती

मार्च २०२० च्या मध्याला गोव्यातील वर्ग बंद झाले. दहावी आणि बारावीचे विद्यार्थी २१ नोव्हेंबर २०२० रोजी वर्गात परतले. पहिलीपासूनच्या लहान मुलांना मात्र २१ फेब्रुवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले. जे मूल पहिलीत असताना घरी गेले, ते तिसरीचे वर्ष संपत आले तेव्हा बाकावर येऊन बसले. सत्तरी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे काम मी त्या काळात पाहत होतो. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीला बाईंनी पाटीवर आपले नाव लिहायला सांगितले. तिने आधी लांबलचक शिरोरेषा ओढली आणि मग एखादे चित्र पाहून काढावे तशी तिच्याखाली अक्षरे टांगली. नाव बरोबर उमटले होते, परंतु बाईंनी मधल्या अक्षरावर बोट ठेवून 'हे कोणते?' असे विचारताच ती गप्प झाली. अशी वेळ पुन्हा आली, तर शाळा उघडण्याविषयीची चर्चा गावपातळीवर कशी करावी, माहिती कोणती जमवावी, बैठक कशी चालवावी आणि ठराव कसा लिहावा, हे त्या अनुभवातून जे समजले त्याच्या आधारे येथे मांडत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. शाळा बंद करण्याचा किंवा उघडण्याचा आदेश शासन काढते. तो अधिकार गावाकडे नाही. तरीही गावाच्या हाती बरेच काही उरते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मुलाला वर्गात बोलावता येत नव्हते आणि हजेरीची सक्तीही करता येत नव्हती. म्हणजे आदेश निघाल्यानंतरही शाळा प्रत्यक्षात भरणार की रिकामी राहणार, हे घराघरांत ठरत होते. महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये याच्याही पुढे जाऊन, ज्या गावांत महिनाभर एकही रुग्ण नव्हता तेथे ग्रामपंचायतीच्या ठरावानंतर आठवी ते बारावीचे वर्ग भरवण्याची मुभा दिली होती. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समिती ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. चर्चेचे यजमानपद या समितीने आणि पालक-शिक्षक संघाने मिळून घ्यावे.

प्रश्न कसा विचारावा

'शाळा उघडावी की नाही?' असा प्रश्न बैठकीपुढे कधीही ठेवू नये. त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढीच उत्तरे संभवतात. 'हो' म्हणणारा मुलांच्या जिवाशी खेळणारा ठरतो, 'नाही' म्हणणारा भित्रा ठरतो आणि एकदा असे शिक्के बसले की कोणी आपले मत बदलत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. कोणत्या इयत्तेची मुले आधी यावीत? त्यांच्यासाठी कोणती व्यवस्था झाल्यावर यावीत? आणि काय घडले असता वर्ग पुन्हा थांबवावेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले की पहिल्या दोन प्रश्नांवर लोक मोकळेपणाने बोलू लागतात. पालकांची खरी भीती शाळा उघडण्याची नसते; उघडलेली शाळा मूल आजारी पडले तरी कोणी थांबवणार नाही, याची असते.

माझे स्वतःचे मत मी लपवत नाही. कोविडच्या काळात आपण क्रम उलटा लावला. परीक्षा मंडळाच्या वर्गांना पहिला मान दिला आणि ज्यांना अक्षरओळखही झाली नव्हती, त्यांना सर्वांत शेवटी बोलावले. दहावीचा मुलगा पुस्तक उघडून काही प्रमाणात स्वतः शिकू शकतो, पहिलीचे मूल तसे शिकू शकत नाही. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडल्या त्या लहान मुलांपासून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनीही जुलै २०२१ मध्ये प्राथमिक शाळा आधी उघडणे योग्य ठरेल असे सांगितले होते. शिक्षक, बसचालक आणि इतर कर्मचारी यांचे लसीकरण झालेले असावे, ही अट त्यांनी सोबत जोडली होती. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या परिषदेच्या चौथ्या रक्तद्रव सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या शरीरात प्रतिपिंडे आढळली होती. शाळा बंद होत्या, तरी निम्म्याहून अधिक लहानग्यांपर्यंत विषाणू पोहोचलेला होता.

परंतु हा क्रम प्रत्येक साथीला लागू पडेल असे समजू नये. कोविडने वृद्धांना अधिक गाठले आणि लहान मुलांना तुलनेने सोडले. २००९ मधील स्वाइन फ्लूची गोष्ट वेगळी होती. त्या साथीत देशातील पहिला मृत्यू पुण्यातील चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा झाला, आणि तेव्हा तेथील शाळा काही दिवस बंद ठेवणे रास्तच होते. म्हणून बैठकीची तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून पहिला प्रश्न विचारावा, 'हा आजार कोणत्या वयाला जड जातो आणि मुलांकडून तो कितपत पसरतो?' या उत्तरावर पुढचे सर्व अवलंबून आहे.

माहिती जमवण्याचा आठवडा

बैठकीच्या आधी किमान एक आठवडा हातात ठेवावा. आरोग्य केंद्राकडून आपल्या पंचायत क्षेत्रातील गेल्या चौदा दिवसांतील नवे रुग्ण किती, चाचण्या किती आणि रुग्णालयात दाखल करावे लागलेले किती, एवढे आकडे मिळवावेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण सलग दोन आठवडे पाच टक्क्यांखाली असावे, असा निकष सांगितला होता. तो राज्याला किंवा जिल्ह्याला लावता येतो, गावाला लावताना मात्र जपावे लागते. वीस जणांची चाचणी झाली आणि एकाच घरातील दोघे बाधित निघाले, तर प्रमाण थेट दहा टक्के दिसते आणि सभेत घबराट पसरते. गावासाठी टक्केवारीपेक्षा रुग्णांची संख्या आणि ते कोणत्या वाड्यावर आहेत ही माहिती अधिक उपयोगी पडते. टक्केवारी तालुक्याची पाहावी.

दुसरी पाहणी घरोघरी करावी, आणि ती फोनवर उरकू नये. प्रत्येक घरी चार गोष्टी विचाराव्यात. घरात साठीच्या वरची किंवा दीर्घ आजाराची व्यक्ती आहे का? मुलाच्या वाट्याला फोन दिवसातून किती वेळ येतो? आईवडील कामावर गेल्यावर मूल कोणाजवळ असते? आणि मुलाने शेवटचे पुस्तक कधी वाचले? फोनच्या प्रश्नाची उत्तरे जपून लिहावीत. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२१ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. आकडा वाढलेला दिसतो, पण घरात फोन असणे आणि तो सकाळी दहा वाजता मुलाच्या हातात असणे यांत फार अंतर आहे. आमच्या गावात अनेक घरांतील एकमेव फोन वडिलांबरोबर सकाळी सातला कारखान्याच्या बसमध्ये बसत असे आणि रात्री आठला परत येत असे. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांच्या डोंगराळ भागात तर फोन असूनही रेंजसाठी मुले टेकडी चढत होती, आणि जूनच्या पावसात छत्री धरून खडकावर बसलेल्या मुलाने ऑनलाइन हजेरी लावली म्हणजे तो शिकला, असे कोणी म्हणू नये.

तिसरी पाहणी वर्गखोलीची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. कोविडसारखा आजार हवेतून पसरतो आणि बंद खोलीतील शिळी हवा त्याला पोसते, हे कळायला जगाला बराच काळ लागला. तोवर आपण बाके पुसण्यात आणि फरशीवर औषध शिंपडण्यात शक्ती घालवली. इस्रायलमध्ये मे २०२० मध्ये शाळा उघडल्यानंतर उष्णतेची लाट आली, मुलांना मुखपट्टीतून सूट मिळाली, खिडक्या लावून वातानुकूलन यंत्रे चालू राहिली आणि दाटीवाटीने भरलेल्या वर्गांच्या एकाच माध्यमिक शाळेत दीडशेहून अधिक विद्यार्थी बाधित झाले. आपल्या जुन्या सरकारी प्राथमिक शाळा याबाबतीत भाग्यवान आहेत. चिऱ्याच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, समोरासमोर खिडक्या आणि पुढे व्हरांडा, अशी रचना वारा खेळण्यासाठी उत्तम असते.

तरीही प्रत्येक खिडकी स्वतः उघडून पाहावी. आमच्या शाळेत आठपैकी तीन खिडक्यांच्या झडपा पावसाने फुगून चौकटीत घट्ट बसल्या होत्या आणि एकीच्या मागे जुन्या बाकांचा ढीग रचलेला होता. सुताराने अर्ध्या दिवसात चारही मोकळ्या केल्या. त्यानंतर वर्गाच्या मधोमध, मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, पेटवलेली उदबत्ती धरून धूर कोणीकडे जातो ते पाहावे. धूर एका दिशेला वाहत खिडकीबाहेर गेला तर हवा खेळती आहे; तो तेथेच घुटमळत वर तरंगत राहिला तर त्या कोपऱ्यात बाक ठेवू नये, किंवा खिडकीकडे तोंड करून उभा पंखा ठेवून हवा बाहेर ढकलावी. ही चाचणी ढोबळ आहे, पण पालकांच्या डोळ्यांसमोर केली तर दहा परिपत्रकांपेक्षा अधिक विश्वास निर्माण करते. शक्य असल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळवावे. उघड्यावर हे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग असते. भरलेल्या वर्गात ते ८०० च्या आसपास राहिले तर हवा चांगली आहे असे समजावे, १५०० च्या वर गेले तर मुले कमी करावीत किंवा वर्ग बाहेर हलवावा.

जून ते सप्टेंबर हा गोव्यातील खरा पेच आहे. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या जातात आणि चांगली खोलीही कोंदट होते. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांना बाहेरून पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छज्जे लावून घ्यावेत, विरुद्ध बाजूच्या खिडक्या पूर्ण उघड्या ठेवाव्यात. देवळाचा सभामंडप तीन बाजूंनी मोकळा असेल तर देवस्थान समितीकडे लेखी विनंती करून एक वर्ग तेथे भरवता येतो. त्याआधी त्या जागी येण्यास कोणत्याही घराला संकोच वाटत नाही, याची खात्री करून घ्यावी. संकोच असल्यास पंचायतीचे सभागृह पाहावे.

बैठक

बैठक रविवारी, शाळेच्या व्हरांड्यात किंवा झाडाखाली, अंतर ठेवून घ्यावी. आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा परिचारिका, पंचसभासद, माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातील एखादी महिला आणि शक्य झाल्यास भागशिक्षणाधिकारी यांना बोलवावे.

आमच्या पहिल्या बैठकीत मी मोठी चूक केली. आकडे वाचून दाखवल्यावर मी सरळ हात वर करायला सांगितले. बहुतेक आयांनी पुढच्या रांगेतील पुरुषांकडे पाहिले आणि मग हात वर केले. दुसऱ्या दिवशी औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या एका आईने मला रस्त्यात थांबवून सांगितले, "सर, शाळा उघडलेली मला हवीच होती. दोन्ही पोरं दिवसभर म्हाताऱ्या सासऱ्यांवर टाकून जाते, त्यांना ऐकू येत नाही. पण बाजूला जाऊबाई बसल्या होत्या, त्यांच्या घरी ऑक्सिजन लावलेला माणूस. त्यांच्यासमोर मी हात कसा वर करू?" दोघींचेही म्हणणे खरे होते आणि माझ्या पद्धतीमुळे त्यांपैकी एकीचे बैठकीपर्यंत पोहोचलेच नाही.

म्हणून आधी चिठ्ठ्या घ्याव्यात. प्रत्येक घराने 'शाळा उघडल्यास सर्वांत मोठी काळजी कोणती' आणि 'बंद राहिल्यास सर्वांत मोठी काळजी कोणती' अशी दोन्ही उत्तरे नाव न घालता लिहावीत. ज्यांना लिहिणे अवघड वाटते त्यांचे उत्तर आदल्या दिवशीच घरी जाऊन लिहून घ्यावे. दोन्ही बाजू प्रत्येकाला लिहाव्या लागल्या की बैठकीत गट पडत नाहीत. मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात आणि प्रत्येक काळजीसमोर 'यावर व्यवस्था काय?' एवढाच प्रश्न ठेवावा. घरी आजारी वृद्ध असलेल्या मुलाने यावे की नाही, हा निर्णय त्या घराचा. त्याला नंतर कोणी बोल लावणार नाही, हे अध्यक्षांनी बैठकीतच जाहीर करावे.

शिक्षकांच्या भीतीला या चर्चेत बहुधा सर्वांत कमी मान मिळतो, आणि ते अन्यायाचे आहे. रोज दोन बस बदलून येणाऱ्या, मधुमेह असलेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईंना 'तुम्हाला पगार मिळतो ना' असे ऐकवले की संवाद तेथेच संपतो. त्यांचे लसीकरण झाले आहे का, त्यांना चांगल्या प्रतीची मुखपट्टी कोण पुरवणार, त्या आजारी पडल्या तर एकशिक्षकी शाळेत वर्ग कोण घेणार, ही तीन उत्तरे बैठकीपूर्वी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घेऊन ठेवावीत. प्रौढांकडून प्रौढांना होणारी लागणही विसरू नये; मुखपट्ट्या काढून एकत्र घेतलेला चहा हा शिक्षकांसाठी वर्गाइतकाच, कित्येकदा वर्गाहून अधिक, जोखमीचा असतो. चहा व्हरांड्यात घ्यावा. मुलांचा माध्यान्ह आहारही त्याच कारणाने बाहेर, वर्गवार वेगळ्या वेळी द्यावा. अनुदानित विद्यालयांच्या बालरथात, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या बसमध्ये, जागा ठरवून द्याव्यात आणि पाऊस असला तरी काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात.

'मुलांचे आयुष्य मोठे की अभ्यास?' असे कोणीतरी विचारतेच. त्याला दटावू नये. शांतपणे सांगावे की तुलना आयुष्य आणि अभ्यास यांची नाही. घरी बसलेले मूलही बाजारात जाते, लग्नाला जाते, गणेशचतुर्थीला नातेवाइकांकडे जाते. शाळेमुळे त्यात किती जोखीम वाढते आणि ती किती कमी करता येते, एवढाच हिशेब आहे. दुसऱ्या पारड्यातील नुकसानही मोजलेले आहे. ग्रामीण भारतात तिसरीतील जी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. आधीच थोडी असलेली मुले आणखी थोडी झाली.

ठराव

ठरावाचे शब्द नेमके असावेत. 'परिस्थिती पाहून निर्णय घेण्यात येईल' हे वाक्य त्यात नसावे, कारण परिस्थिती कोण पाहणार हे त्यातून कळत नाही. शासनाची परवानगी असताना आमच्यासारख्या चाळीस मुलांच्या शाळेने करायचा ठराव साधारण असा असू शकतो : "पहिली व दुसरीचे वर्ग सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते बारा या वेळेत भरतील, तिसरी व चौथीची मुले दोन आठवड्यांनंतर येतील. एका वर्गातील दोन वेगवेगळ्या घरांतील मुले सात दिवसांच्या आत बाधित आढळल्यास तो वर्ग सात दिवस घरी राहील, इतर वर्ग चालू राहतील. ताप वा खोकला असलेल्या मुलास घरी ठेवल्यास गैरहजेरी धरली जाणार नाही. मुख्याध्यापक, आरोग्य केंद्राची परिचारिका व दोन पालक यांची समिती दर शनिवारी आढावा घेईल." दोन मुले, सात दिवस हे आकडे आजारानुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावेत, परंतु आकडे असावेतच. ठराव शासनाच्या आदेशापेक्षा सैल असू नये. अधिक कडक असण्यास हरकत नाही. त्याची एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि एक शाळेच्या फलकावर लावावी.

उघडण्यापूर्वी आणि नंतर

पावसाळाभर बंद राहिलेल्या शाळेत मुलांना थेट नेऊ नये. पाण्याची टाकी रिकामी करून घासावी, विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, शौचालयात व कौलांखाली सरपटणारे प्राणी नाहीत याची खात्री करावी. आमच्या कपाटातील पुस्तकांना वाळवी लागली होती आणि बुरशीच्या वासाने पहिल्याच दिवशी दोन मुलांना खोकल्याची उबळ आली. मग दिवसभर 'तोच आजार' म्हणून गावात कुजबुज चालू राहिली.

पहिला महिनाभर कोणतीही परीक्षा घेऊ नये. प्रत्येक मुलाला एकेकट्याने जवळ बसवून अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहावे आणि इयत्ता बाजूला ठेवून त्या पातळीप्रमाणे रोज एक तास गट करावेत. तिसरीतला मुलगा पहिलीच्या गटात बसला म्हणून घरी रागावले जाऊ नये, हे पालकांना आधी समजावून सांगावे. अक्षरे टांगणारी ती मुलगी अशाच गटात पाटीवर एकेक अक्षर सुटे लिहीत बसत असे. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी तिने बाईंना बसच्या पाटीवरचे 'वाळपई' वाचून दाखवले.

जी मुले संमतीअभावी घरी राहतील त्यांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर असावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्या घराच्या अंगणात जाऊन मागचे गृहपाठ तपासून नवे द्यावेत. कोरडा शिधा मिळण्याची तरतूद असेल तर तोही त्याच फेरीत पोहोचवावा.

बैठकांचे इतिवृत्त, घरोघरीच्या पाहणीचे कागद, खिडक्यांची मोजमापे आणि सुताराचे बिल एका वहीत लावून ती वही शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवावी आणि पालक-शिक्षक संघाची नवी कार्यकारिणी निवडली गेली की पदभारासोबत तिच्या हाती सोपवावी.